"ही इज नॉट फनी. ही इज हंग्री." पंचवटीची टीचर आणि नॉम पेनमधला पितृपक्ष

हे प्रकरण लिहायचं लिहायचं म्हणत वर्ष गेलं. ज्या मुलीचं आहे तिची परवानगी घेतलीये, फक्त नाव नको म्हणाली, म्हणून मी तिला नुसतं ती म्हणणार. मी नाशकात गंगापूर रोडला मुलांना परदेशी इंग्रजी शिकवायला जाण्यासाठी तयार करते. कोर्स करून घेणं, डेमो लेसन बसवणं, इंटरव्ह्यूची तयारी, आणि मुलं तिकडे पोचल्यावर पहिले सहा महिने फोनवर सोबत. त्या सोबतीतलंच हे. यात चूक झाली त्यात माझा वाटा मोठा आहे, तोही लिहिते.

पार्श्वभूमी

तिचं घर पंचवटीत, कपालेश्वराच्या मागच्या गल्लीत. म्हणजे रामकुंड पाच मिनिटांवर. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, तिथल्या पोराला मरण हे काही लपवलेलं प्रकरण नसतं. शाळेत जाताना रोज दशक्रियेला बसलेली माणसं दिसतात, नुकतीच डोकी केलेली, ओल्या पंच्यात कुडकुडणारी, पत्रावळीवर पिंड, आणि सगळे मान वर करून कावळ्याची वाट बघतायत. देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, उपाध्ये वह्या उघडून चार पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. ती हे बघत मोठी झाली. वडील 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हा कसं होतं आठवतंय ना, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, दहावं घाईघाईत चार माणसांत उरकलं. त्यावर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

इंग्रजी उत्तम, मुलांची आवड, आणि बाहेर पडायची ओढ. आपल्या पासपोर्टवर इंग्रजी शिकवायची नोकरी सगळीकडे मिळत नाही, बऱ्याच देशांना जन्मापासून इंग्रजी बोलणारेच लागतात, पण कंबोडियात मिळते. 2024 च्या जूनमध्ये ती नॉम पेनला एका खाजगी इंग्रजी सेंटरमध्ये रुजू झाली. नऊ-दहा वर्षांची मुलं, वर्गात चौदा, मदतीला एक खमेर, म्हणजे तिथलीच, असिस्टंट मुलगी. पहिले तीन महिने छान गेले. मुलं तिला कधी टीचर म्हणायची, कधी नेक क्रू. हा क्रू म्हणजे आपला गुरूच, हे कळल्यावर तिने मला लगेच व्हॉइस मेसेज टाकला होता, इतकी खूश होती.

काय झालं

सप्टेंबरच्या मध्यात मॅनेजरने सांगितलं की ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन पार्टी आहे, पालकांना फोटो लागतात, तर आतापासून वर्गात शब्द घ्यायला लागा. तिने मला विचारलं, मॅडम काही तयार आहे का, आणि मी माझ्याकडची फाइल पाठवून दिली. घोस्ट, स्केलेटन, हाँटेड, क्रीपी असे वीस शब्द, एक पांढऱ्या कागदाचा भुताचा मुखवटा, जीभ बाहेर काढलेला, आणि एक खेळ ज्यात एक मूल भूत होऊन बाकीच्यांना घाबरवतं. ही फाइल मी कितीतरी जणांना दिलीये. कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात वापरणार, हे मी एकदाही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही.

इकडे नाशकात 17 सप्टेंबरला गणपती विसर्जन झालं आणि 18 पासून पितृपक्ष लागला. आईचा तिला फोन आला होता की बाबांची तिथी अमुक दिवशी, भाऊ करणारे, तू तिकडे एखाद्याला जेवू घाल. तिने हो म्हटलं आणि कामाला लागली. आणि शनिवारी, 21 तारखेला, तिने मुखवट्यांचा लेसन घेतला.

मुखवटे करेपर्यंत मजेत होतं. खेळ सुरू झाला तेव्हा तीन-चार मुलं खेळायला उठेनात. एक मुलगा, एरवी सगळ्यात पुढे असणारा, त्याने मुखवटा बाकावर उलटा ठेवला. ती म्हणाली, अरे घाल ना, इट्स फनी. त्यावर तो अगदी हळू म्हणाला, "टीचर, ही इज नॉट फनी. ही इज हंग्री." आणि रडायला लागला.

तिला वाटलं पोरगं घाबरलं. तिने त्याला जवळ घेऊन सांगितलं की भुतं बितं नसतात, देअर आर नो घोस्ट्स. तो जास्तच रडायला लागला. संध्याकाळी दोन पालकांचे सेंटरला फोन. एका आजीने तर स्वतः येऊन असिस्टंटला खडसावलं की या दिवसांत मुलांना हे कोण शिकवतं.

रात्री मला फोन आला तेव्हा तिचा आवाज बसला होता. मॅडम, मी काय केलं तेच कळत नाहीये.

आम्हाला नंतर कळलं ते

असिस्टंटने दुसऱ्या दिवशी तिला बसवून समजावलं, आणि ते ऐकून मी इकडे फोन हातात धरून उभीच राहिले.

कंबोडियात त्या वेळी फ्चुम बेन चालू होतं. पंधरा दिवसांचं असतं. त्यांच्या चांद्र कॅलेंडरच्या दहाव्या महिन्याचा उतरता पंधरवडा, आणि त्या महिन्याचं नाव फुत्रोबोत, म्हणजे भाद्रपद. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, म्हणजे अगदी आपला भाद्रपद वद्य पक्ष. बेन म्हणजे पिंड, शब्दच तो आहे, पाली-संस्कृतातून तिकडे गेलेला. फ्चुम म्हणजे जमणं. त्या वर्षी 1, 2 आणि 3 ऑक्टोबरला सरकारी सुट्टी होती, आणि आपली सर्वपित्री 2 ऑक्टोबरलाच.

समजूत अशी की या पंधरा दिवसांत यमाच्या दरबारातून प्रेतांना सोडतात. शब्द तोच, प्रेत, फक्त उच्चार थोडा वेगळा. त्यांचं पोट मोठं आणि तोंड सुईच्या भोकाएवढं, त्यामुळे कायम उपाशी, आणि उजेड सोसत नाही म्हणून अंधारातच येतात. ते आपल्या नातलगांना शोधत देवळादेवळातून फिरतात. सात देवळं पाहूनही आपल्या माणसांनी काही ठेवलेलं मिळालं नाही तर घरच्यांना शाप देतात. म्हणून घरचे लोक पहाटे चारला उठून वाटात, म्हणजे बौद्ध मंदिरात जातात आणि चिकट भाताचे, तीळ घातलेले गोळे अंधारात टाकतात. त्या गोळ्यांना बाय बेन म्हणतात. भात आणि तीळ. मी तिला परत विचारलं, तीळ? हो मॅडम, तीळ.

आता त्या मुलाचं वाक्य परत वाचा. त्याच्या पणजोबांचा पत्ता नाही. 1975 ते 1979 या ख्मेर रूज नावाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात तिथे साधारण पंधरा ते वीस लाख माणसं मेली, भुकेने, आजाराने, मारून टाकलेली, आणि कितीतरी घरांना आपलं माणूस कुठे पुरलंय हे आजही माहीत नाही. तेव्हा धर्मावरच बंदी होती, वाटांची कोठारं आणि तुरुंग केले होते, त्यामुळे ती चार वर्षं भातसुद्धा टाकता आला नाही. त्याची आजी दर वर्षी आपल्या वडिलांसाठी वेगवेगळ्या वाटांत जाते, कारण ते कुठे येतील माहीत नाही. आणि आदल्याच दिवशी तो पोरगा आजीबरोबर पहाटे उठून गेला होता. शनिवारी टीचरने त्याला जीभ काढलेलं भूत घालून हसायला सांगितलं, आणि वर सांगितलं की असं कोणी नसतंच.

तो घाबरला नव्हता, ही गोष्ट आम्हाला कळायला वेळ लागला. कारण भुताच्या गोष्टी तिथल्या पोरांना भरपूर येतात. त्यांच्याकडे एक आप म्हणून असते, रात्री बाईचं नुसतं डोकं उडतं आणि खाली आतडी लोंबतात, आणि हीच पोरं मधल्या सुट्टीत ते रंगवून रंगवून सांगायची, किंचाळायची, हसायची. मग मुखवट्याने काय झालं? तर आप वेगळी आणि प्रेत वेगळं. आपल्याकडे नाही का, पिंपळावरचा मुंजा, हडळ, खवीस यांच्या गोष्टी पोरं लाइट गेले की सांगतात, पण श्राद्धाच्या दिवशी आजोबांचं पान वाढून गच्चीवर ठेवलं तर कुणी पोर म्हणतं का, अय्या भूत? नाही म्हणत. तिथे सगळे गप्प होतात आणि कावळ्याची वाट बघतात. मुंजा परका असतो. पितर घरचा माणूस असतो, भूक लागलेला. हा फरक त्या दहा वर्षांच्या पोराने दोन वाक्यांच्या इंग्रजीत सांगितला होता, आणि रामकुंडाशेजारी वाढलेल्या मुलीला आणि मला, जिच्या घरी दर वर्षी पक्ष होतो, दोघींना ते ऐकू आलं नाही.

मला याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पंचवटीतल्या घरात ती अशी कधीच वागली नसती. मला वाटतं इंग्रजीच्या वर्गात शिरताना आपण घरचं सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो, जणू या भाषेत फक्त भोपळा आणि सांगाडाच बसतो. मीच तसं शिकवत आलेय, इतकी वर्षं.

पहाटे चारला

असिस्टंटच्या आईने तिला सर्वपित्रीच्या दिवशी बरोबर चल म्हणून बोलावलं. तिने मला विचारलं, जाऊ का, मावशी ओरडतेय की परक्यांच्या देवळात कशाला पिंड टाकायचे, आपला भाऊ करतोय ना इकडे. मी म्हटलं, जा, आणि आईला विचारून जा. आई म्हणाली जा. एवढंच म्हणाली.

पुढचं तिने वाटातून परतल्या परतल्या मला सांगितलं, तिकडे सहा वाजले होते म्हणजे आपल्याकडे साडेचार. काळोख, पाऊस पडून गेलेला, पायाखाली चिखल. बायका पांढऱ्या कपड्यात, हातात ताट, ताटात मेणबत्ती, उदबत्त्या आणि भाताचे गोळे. भोंग्यावर भिक्खूंचं पाली पठण चाललेलं. लोक मुख्य मंदिराभोवती फेऱ्या घालतात आणि चालता चालता अंधारात गोळे टाकतात. तिने पहिला गोळा उचलला तर तो सुटेच ना, चिकट भात, बोटांना धरून बसला, तिळाचे दाणे तळहाताला चिकटले. शेजारच्या म्हातारीने तिचा हात धरून झटकून दाखवला, असा. गोळा पडल्याचा आवाज आला, ओल्या मातीवर, थप्प. मग आजूबाजूला सगळीकडून तोच आवाज यायला लागला, थप्प, थप्प, आणि कोणी बोलत नव्हतं.

वाटात मेलेल्यांच्या नावांची यादी देतात, भिक्खू ती वाचतात. असिस्टंटच्या आईने आपल्या घरच्यांची नावं दिली आणि हिला खुणेने विचारलं, तुझं कोणी? हिने वडिलांचं नाव सांगितलं. असिस्टंटने ते खमेर लिपीत लिहिलं. भिक्खूंनी वाचलं तेव्हा उच्चार इतका बदलला होता की तिला पहिल्यांदा कळलंच नाही, मग कळलं. हे सांगताना ती फोनवर रडली, 2021 नंतर पहिल्यांदा माझ्यासमोर. म्हणाली, मॅडम, बाबांचं दहावं झालं तेव्हा मी घरात क्वारंटाइन होते.

उजाडल्यावर तिथे कावळे नव्हते, असंही म्हणाली. कुत्री आली, मुंग्या आल्या. आणि आपल्याकडे श्राद्ध दुपारचं, यांच्याकडे मिट्ट अंधारात, हा फरक तिला फार लागला, कारण आपले पितर दुपारच्या उन्हात येऊन बसतात आणि त्यांचे उजेडाला भितात.

पुन्हा लेसन

मॅनेजरचं म्हणणं होतं की झालं गेलं, सॉरी म्हणा आणि पुढच्या युनिटला जा. मला ते पटलं नाही. मुलांसमोर चूक झाली तर मुलांसमोरच ती नीट केली पाहिजे. आम्ही दोघींनी फोनवर दोन रात्री बसून लेसन नवीन बांधला, असिस्टंटला प्रत्येक पायरी विचारून. सुट्टीनंतरच्या शनिवारी, 5 ऑक्टोबरला तिने तो घेतला.

सुरुवातीला तिने त्या मुलाची वर्गात माफी मागितली, सोप्या इंग्रजीत, आणि असिस्टंटने ती खमेरमध्येही सांगितली. यू वेअर राइट, ही इज हंग्री, आय डिड नॉट लिसन. मग फळ्यावर नदी काढली, घाट काढला, आणि सांगितलं हे माझं घर. पत्रावळ, भात, तीळ, आणि एक कावळा. ती सांगते कावळा काढल्यावर वर्ग एकदम जागा झाला. टीचर, व्हाय क्रो? कारण आम्ही मानतो की गेलेला माणूस कावळ्याच्या रूपाने येतो. इफ क्रो नो कम? मग सगळे हात जोडून सांगतात, तुमची काय इच्छा राहिलीये ती पुरी करू, मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू. तरीही नाही आला तर? तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. गवताचा कावळा हे ऐकून पोरांनी खमेरमध्ये एकमेकांत केवढी चर्चा केली म्हणे.

मग भाषेचा भाग. युज्ड टू. हे वाक्य या वयाच्या मुलांना शिकवणं अवघड जातं, पुस्तकात आय युज्ड टू प्ले फुटबॉल असलं काहीतरी असतं आणि दहा वर्षांच्या पोराला युज्ड टू म्हणण्याएवढा भूतकाळ कुठे असतो. पण आजी-पणजीच्या बाबतीत असतो. प्रत्येकाला एका वाडग्याचं चित्र दिलं आणि सांगितलं, तुमच्या घरच्या गेलेल्या एका माणसाला काय आवडायचं ते वाडग्यात काढा आणि खाली एक वाक्य लिहा. माहीत नसेल तर घरी विचारून या. ज्यांच्या घरी बोलायचं नसेल त्यांनी आपल्याला काय आवडतं ते काढावं. ही शेवटची सूट असिस्टंटने सुचवली, आणि ती फार गरजेची होती, कारण काही घरांत त्या काळाबद्दल बोलतच नाहीत. आम्हाला दोघींना ते सुचलं नसतं.

पुढच्या आठवड्यात कागद आले. केळीच्या पानातला नोम अन्सोम खूप जणांनी काढला, तो चिकट भाताचा पदार्थ या सणाला घरोघरी होतो. एकीने सिगारेट काढली, माय ग्रँडफादर युज्ड टू स्मोक. त्या मुलाने पिकलेलं केळं काढलं होतं आणि आजीला विचारून लिहिलं होतं, ही युज्ड टू लाइक बनाना, वुई डोन्ट नो व्हेअर ही इज. व्याकरण बरोबर. तिने कागदावर काहीही लाल केलं नाही, मीही म्हटलं नको करूस.

हॅलोविनचं काय केलं

पार्टी रद्द झाली नाही आणि व्हावी असंही आम्हाला वाटत नव्हतं. कितीतरी पालकांना ती हवी होती, मॉलमध्ये प्लास्टिकचे सांगाडे लागले होते, मुलांना कपडे घालायचे होते. आणि हॅलोविन तरी कुठे नुसता खोटा भयपट आहे, त्याच्याही मुळाशी गेलेली माणसंच आहेत. 31 ऑक्टोबर ही ख्रिस्ती संतांच्या दिवसाची आदली रात्र, आणि 2 नोव्हेंबर हा सगळ्या मृतात्म्यांचा दिवस. जुन्या इंग्लंडात त्या दिवसांत गरीब लोक दारोदार जायचे, लोक त्यांना सोल केक नावाच्या छोट्या वड्या द्यायचे आणि ते बदल्यात त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे. आयर्लंडात तर भोपळ्याच्या आधी सलगम कोरून दिवा लावायचे, भोपळा अमेरिकेत गेल्यावर आला. हे तिने मुलांना सांगितलं. एक मुलगी म्हणाली, टीचर, सेम सेम. मुखवट्याच्या जागी कागदाचे कंदील केले. ज्यांना आप व्हायचं होतं ती आप झाली, लोकरीची लाल आतडी लावून, आणि त्या मुलानेही लावली होती, फोटोत सगळ्यात मोठ्याने तोच ओरडतोय.

त्या वर्षी 31 ऑक्टोबरला आपली नरक चतुर्दशी होती. तिने पहाटे नाशकाहून नेलेलं उटणं लावून अंघोळ केली आणि मग पार्टीला गेली, असा तिचा मेसेज आहे माझ्याकडे.

आता

माझ्या फाइलमधला तो मुखवटा मी काढून टाकला. आता नवीन बॅचला निघायच्या आधी एक काम असतं, ज्या देशात जाताय तिथले मेलेल्यांचे दिवस कधी येतात ते शोधा आणि आपल्या पंचांगाशेजारी लिहा. व्हिएतनामला जाणाऱ्याला सातव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा सापडते, मेक्सिकोला जाणाऱ्याला 1 आणि 2 नोव्हेंबर. आणि मग घरी विचारा की आपल्याकडे पक्षाला कुणाचं पान वाढतात, त्यांना काय आवडायचं, आणि ते इंग्रजीत सांगता येतं का बघा. या दुसऱ्या कामाला मुलं जास्त अडतात. मागच्या बॅचमधला सिडकोचा एक मुलगा दोन दिवस आला नाही, मग आला तो आजीकडून लिहून आणलेली सात नावं घेऊन, त्यातली चार त्याने आयुष्यात ऐकली नव्हती.

ती अजून नॉम पेनलाच आहे. 2025 च्या सर्वपित्रीला, 21 सप्टेंबरला, रविवार होता, मी तिच्या आईबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेले. तिच्या भावाने पिंड ठेवला, कावळा काही येईना, दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिच्या आईने हात जोडले आणि म्हणाली, अहो, पोरगी तिकडे नीट आहे, पहाटेच तिने तुमच्यासाठी ठेवलंय, तिकडे जेवून आलात का?